नाडीपरीक्षा

जुनी वस्तु विकत घेणें हें नवी वस्तु घेण्यापेक्षां अवघड काम आहे. नव्या वस्तूचे गुण तिच्या खोक्यावर छापलेले असतात. जुन्या वस्तूचे गुणावगुण तिच्या अंगावर लिहिलेले असतात, आणि ती लिपि वाचण्यास डोळा तयार व्हावा लागतो. जुन्नर तालुक्यांत बेल्हे येथें बैलांचा मोठा बाजार भरतो. तेथें बैलाचा ओठ वर करून दांत पाहणारा, त्यास चार पावलें चालवून खूर कसा पडतो तें न्याहाळणारा, खांद्यावर जुवाचा घट्टा पडला आहे कीं नाहीं हें हातानें चांचपणारा शेतकरी ज्यानें पाहिला असेल, त्यास परीक्षा या शब्दाचा अर्थ शाळेंत शिकावा लागत नाहीं. सौदाहि तेथें जुन्या चालीप्रमाणें तोंडानें होत नाहीं. उपरण्याखालीं दोघांचीं बोटें एकमेकांशीं बोलतात आणि भोंवतालच्या दहा जणांस किंमतीचा पत्ता लागत नाहीं.

आमच्या घराण्यांत आतां बैल उरले नाहींत, आणि बेल्ह्याच्या बाजारास जाण्याचें आम्हांस कारणहि पडत नाहीं. परंतु गेल्या उन्हाळ्यांत अशीच दांत मोजण्याची वेळ आम्हांवर आली. फरक इतकाच कीं, ज्याचे दांत मोजावयाचे होते तो बैल नसून एक वापरलेला संगणक होता. तोहि साधासुधा नव्हे. पडला तरी न फुटणारा, आणि पाऊस, धूळ व वंगण यांस दाद न देणारा. अशा संगणकास लॅपटॉप म्हणजे मांडीवर ठेवावयाचें यंत्र असें म्हणतात. आमच्या भाच्याच्या दुकानांत त्यास मांडीचें सुख एकदांहि लाभलेलें नाहीं. त्याचा मुक्काम कधीं गाडीच्या बॉनेटवर, कधीं जुन्या टायरावर, तर कधीं ऑइलच्या डब्यावर असतो.

हा भाचा म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. तिला आंबेगांव तालुक्यांत मंचरच्या बाजूस दिली आहे. मुलानें मोटारदुरुस्तीचें शिक्षण घेतलें आणि मंचर व नारायणगांव यांच्या दरम्यान पुणें-नाशिक रस्त्याच्या कडेस पत्र्याच्या दोन खणांत गॅरेज मांडलें. त्याच्या जोडीस एक वृद्ध मिस्त्री आहे. तोच त्याचा गुरु. या मिस्त्रीची गाडी तपासण्याची रीत आम्हीं कितीदां तरी कौतुकानें पाहिली आहे. तो इंजिन चालूं ठेवण्यास सांगतो, लांब पेचकसाचें टोंक इंजिनाच्या कवचावर टेंकतो, मूठ कानाशीं धरतो आणि डोळे मिटतो. मग एकेक जागा बदलीत तो जणुं रोग्याची छाती तपासतो, आणि डोळे उघडून शांतपणें सांगतो, "तिसऱ्या नंबरचा नोझल." आणि बहुधा तिसऱ्या नंबरचाच नोझल असतो. धुराचा रंग, ऑइलचा वास, हातास लागणारा कंप, एवढ्या सामग्रीवर त्यानें चाळीस वर्षें ट्रक, ट्रॅक्टर आणि विहिरीवरचीं इंजिनें बरीं केलीं. पूर्वीं नाडी पाहून औषध देणारे वैद्य असत, त्यांच्याच जातीचा हा मनुष्य.

या विद्येस ओहोटी लागली ती एका चांगल्या हेतूनें केलेल्या कायद्यामुळें. हवा शुद्ध राहावी म्हणून मोटारींच्या धुरावर सरकारनें निर्बंध घातले. 'भारत स्टेज चार' हें मान २०१० सालीं प्रथम कांहीं मोठ्या शहरांत, आणि १ एप्रिल २०१७ पासून साऱ्या देशांत लागू झालें. पुढें पांचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून एकदम सहावें मान आलें. इतका कमी धूर निघावयाचा तर डिझेलचा एकेक थेंब केव्हां व किती फवारावा याचा हिशेब पळापळास करावयास हवा, आणि तो मनुष्याच्या किंवा साध्या पंपाच्या आवांक्यांतला नव्हे. म्हणून गाडीच्या पोटांत एक लहानसा मेंदू बसविण्यांत आला. हवा किती आंत आली, पाणी किती तापलें, डिझेलच्या नळींतील दाब किती, धुराच्या गाळणींत काजळी किती सांचली, या साऱ्या वार्ता त्याजकडे तारांवाटे जातात आणि तेथून हुकूम सुटतात. कांहीं बिनसलें कीं हा मेंदू चालकापुढें एक पिवळा दिवा लावतो, आणि इंजिनास इजा होऊं नये म्हणून त्याची शक्ति आंखडून घेतो. मग गाडी चालते, पण दुखणाईत चालतो तशी. आमच्याकडे गाडी जोर धरीत नसली कीं 'गाडी पिकअप घेत नाहीं' असें म्हणण्याचा प्रघात आहे. आणि टोमॅटो वाहणाऱ्या गाडीचें नांवच पिकअप! पिकअपच पिकअप घेईनाशी झाली, म्हणजे तिच्या मालकाच्या तोंडचें पाणी पळतें.

तें कां पळतें हें शहरांतील वाचकांस सांगितलें पाहिजे. नारायणगांवचा टोमॅटो वीस किलोंच्या क्रेटांतून विकला जातो. दुपारीं तोडणी झालेला माल रात्रीं निघून पहाटे वाशीच्या बाजारांत पोंचला तर त्याचे पैसे होतात; एक दिवस उन्हांत राहिला तर त्याचा रस्सा होतो. २०२३ सालच्या जुलैंत टोमॅटोचे भाव आकाशास भिडले तेव्हां एकेका गाडींतून लाखाच्या घरांतला माल जाई. जुन्नराहून घांट उतरून माल कोंकणांत नेण्याचा हा उद्योग नवा नाहीं. नाणेघाटांत सातवाहनांच्या वेळचा शिलालेख आहे, आणि जकात टाकण्याचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजणहि आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं त्या वाटेनें लमाणी बैल उतरत असतील. त्यांतला एखादा लंगडला तर पुढच्या गांवीं त्याचा इलाज होत असेल. निदान त्याचें दुखणें काय आहे हें पाहण्यास कोणाची परवानगी लागत नसेल.

आजच्या पिकअपचें दुखणें पाहण्यास मात्र साधन लागतें. चालकाच्या पायांवरच्या बाजूस, सुकाणूखालीं, सोळा खांचांची एक खोबण असते. अमेरिकेंत १९९६ सालच्या मोटारींपासून ती सक्तीची झाली, आणि पुढें जगभर तोच आकार रूढ झाला. तींत योग्य तार खोवून पलीकडे संगणक जोडला, म्हणजे गाडीचा मेंदू आपली तक्रार सांगतो. ज्याच्यापाशीं तें साधन नाहीं त्याच्यापुढें गाडी मुकी. आमच्या भाच्याच्या दुकानीं नेमकें हेंच घडूं लागलें. नव्या गाड्या येत, दिवा दाखवीत, आणि त्यास हात जोडून त्या दूरच्या कार्यशाळेकडे धाडाव्या लागत. तेथें पाळी लागण्यास कधीं दोन दिवस, कधीं तीन. दुकानीं राहिलें तें पंक्चर, ऑइल आणि ब्रेकचीं कामें. चाकणच्या कारखान्यांतील नोकरीचा अर्ज त्यानें भरून ठेविला होता हें आम्हांस बहिणीकडून कळलें. मुलगा चाकणास गेला असता तर त्याचें पोट भरलें असतें यांत शंका नाहीं. परंतु पत्र्याचे दोन खण बंद झाले असते आणि मिस्त्री घरीं बसला असता.

पूर्वीं गांवचें दप्तर कुळकर्ण्याच्या घरीं असे. मोडी वाचतां येणारा तो एकटा, म्हणून शेत कुणबी कसो, त्याची हद्द व त्याचा सारा कुळकर्ण्याच्या बासनांत. लबाडी न करणारे कुळकर्णीहि पुष्कळ असतील. परंतु जेथें वाचणारा एकच, तेथें त्याच्या प्रामाणिकपणावांचून इतरांस दुसरा आधार नसतो. मोटारीच्या बाबतींत हें दप्तर आज कारखानदारांच्या घरीं आहे. ही तक्रार केवळ आमची नव्हे. २०१४ सालच्या ऑगस्टांत भारतीय स्पर्धा आयोगानें चौदा मोटार कंपन्यांस मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग व परीक्षेचीं साधनें स्वतंत्र कारागिरांस खुल्या बाजारांत मिळूं देत नाहींत याच कारणासाठीं. त्यावर अपिलें झालीं, आणि दंडाची कथा लांबली. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानच्या मतदारांनीं २०१२ सालीं मोठ्या बहुमतानें दुरुस्तीच्या हक्काचा कौल दिला. आपल्या सरकारनेंहि २०२२ सालच्या डिसेंबरांत दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळ उघडलें. हीं पावलें योग्य दिशेनें पडत आहेत. परंतु तीं नारायणगांवच्या रस्त्यापर्यंत पोंचेतों टोमॅटो थांबत नाहीं.

तेव्हां साधन घ्यावयाचें ठरलें. साधा लॅपटॉप कां नको, असें आम्हीं विचारलें. भाच्यानें शेजारच्या एका कारागिराचें उदाहरण दिलें. त्यानें नवा, चकचकीत लॅपटॉप आणला. पहिल्याच पावसाळ्यांत तो बॉनेटवरून घसरला, कळफलकांत ग्रीस गेलें, आणि उन्हांत पडद्यावर स्वतःच्याच तोंडावांचून कांहीं दिसेना. टणक जातीचा नवा संगणक घ्यावा तर त्याची किंमत लाखाच्या पुढें. राहिला तो जुना. या जातींत पॅनासॉनिक कंपनीचें 'टफबुक' प्रसिद्ध आहे. त्याचा पहिला अवतार १९९६ सालीं निघाला. म्हणजे मोटारींची खोबण अमेरिकेंत सक्तीची झाली त्याच वर्षीं. कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचें, वर धरण्यास मूठ, प्रत्येक खांचेवर रबराच्या कडेचें झांकण. परदेशांत पोलीस, सैन्य, वीजकंपन्या यांच्या गाड्यांतून हीं यंत्रें वापरलीं जातात, आणि त्यांची नोकरी संपली कीं घाऊक भावानें विकलीं जाऊन आपल्याकडील जुन्या संगणकांच्या बाजारांत येतात.

पुण्यांतील अशाच एका दुकानीं आम्ही मामा-भाचे गेलों. बारा गांवचें पाणी प्यालेलें एक टफबुक, सीएफ-१९ नांवाचें, दुकानदारानें आमच्यापुढें ठेविलें. पाठीवर कोणत्या तरी परक्या खात्याचा क्रमांक खरवडून काढल्याची खूण होती. भाच्यानें त्याचे दांत मोजण्यास जो आरंभ केला, तो पाहून आम्हांस आमच्या आजोबांची आठवण झाली. प्रथम त्यानें यंत्र सुरू करून त्याच्या मुळाशीं पूर्वींच्या मालकाचा परवलीचा शब्द तर राहिला नाहीं ना, हें पाहिलें. या जातींत तें मोठें भय असतें. तो शब्द ठाऊक नसला तर घर आपलें पण किल्ली दुसऱ्याची, अशी गत होते. मग त्यानें यंत्र दुकानाबाहेर भर उन्हांत नेऊन पडद्यावरचीं अक्षरें वाचलीं. बिजागरी सैल आहे काय हें पडदा फिरवून पाहिलें. रबराच्या कडा नखानें दाबून पाहिल्या. माहितीची तबकडी ज्या खणांत बसते तो खण व त्याची तार जागेवर आहेत याची खातरी केली. कारण तबकडी काढून घेतांना विक्रेते पुष्कळदां तो खणहि काढून घेतात आणि मग तो वेगळा मिळतां मिळत नाहीं. शेवटीं त्यानें नऊ टांचण्यांची एक जुन्या घाटाची खोबण शोधून समाधानानें मान हलविली. ती जुनी तार घेणारी खोबण नव्या लॅपटॉपांतून केव्हांच गेली. परंतु जुन्या मोटारींशीं बोलणारीं कांहीं साधनें तिच्यावांचून चालत नाहींत, आणि मध्यें जोड लावला तर कधीं कधीं अडखळतात.

किंमतीची बोलणी मात्र बेल्ह्याहून वेगळ्या तऱ्हेनें झाली. दुकानदारानें गणकयंत्रावर आंकडा मांडून तें आमच्याकडे वळविलें. भाच्यानें तो पुसून आपला मांडला आणि तें परत वळविलें. असें चार वेळां झालें. एकहि शब्द न बोलतां बावीस हजारांची मागणी साडेसतरा हजारांवर आली. उपरणें नव्हतें, एवढेंच.

इतक्यांत दुकानदारानें खालच्या आवाजांत एक गोष्ट सुचविली. आणखी तीन हजार दिले तर तो साऱ्या कंपन्यांच्या कार्यशाळांतील गाडीपरीक्षेच्या आज्ञावल्या यंत्रांत भरून देणार होता. त्या कोठून आल्या हें विचारण्याचें कारण नव्हतें. परवान्याचें साधन घ्यावें तर त्यास यंत्राच्या दुपटीहून अधिक पैसे पडणार होते. बहिणीनें दोन वर्षें दुधाच्या बिलांतून मागें टाकलेले पैसे भाच्याच्या खिशांत होते, आणि ते यंत्रावरच जवळजवळ संपत होते. आम्ही गप्प बसलों. ज्याचा धंदा त्यानें ठरवावें. भाचा दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसला. मग उठून म्हणाला, "मामा, नुसतं वाचायचं असतं तर निराळं. पण उद्या गाडीच्या मेंदूत नवीन काही लिहायची वेळ आली आणि हे चोरटं अर्ध्यात अडकलं, तर गाडी जागेवर मरते. मालकाला काय सांगू? आणि मग ज्यांनी आपल्याला दाराबाहेर ठेवलं, त्यांना म्हणायला मोकळं, की बघा, हे असलेच." त्यानें नुसतें यंत्र घेतलें, आणि परवान्याचें साधन बारा हप्त्यांनीं घेतलें. ते हप्ते फिटेपर्यंत पहिलें दूध त्यांत जाणार, हें बहिणीनें निमूटपणें मान्य केलें.

घरीं आणल्यावर यंत्राचा जीर्णोद्धार झाला. फिरणारी तबकडी काढून तिच्या जागीं कांहींच न फिरणारी, घनरूप तबकडी बसविली. तीमुळें यंत्र सुरू होण्याचा वेळ चहा पिऊन होण्याइतका होता तो पेला उचलण्याइतका झाला, आणि धक्क्यानें माहिती जाण्याची भीति गेली. स्मृतीची पट्टी बदलून तिची धारणा दुप्पट केली. विद्युत्घट थकलेला होता, तो नवा घातला. घड्याळ जागें ठेवणारी बटणाएवढी बॅटरीहि बदलली. झिजलेल्या रबरी कडा काढून नव्या चिकटविल्या. एक अडचण राहिली. यंत्रावरची विंडोज-१० ही प्रणाली तिच्या कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ पासून वाऱ्यावर सोडली, आणि पुढची प्रणाली अशा जुन्या यंत्रास आपल्या पंक्तीस बसूं देत नाहीं. भाच्याचें साधन तर विंडोजवांचून चालत नाहीं. म्हणून त्यानें यंत्र सोंवळ्यांत ठेविलें आहे: महाजालाचा स्पर्श त्यास होऊं द्यावयाचा नाहीं, कोणाची पेन-ड्राइव्ह लावावयाची नाहीं; परवान्याच्या कामापुरतें महिन्यांतून एकदां काय बाहेर पडेल तेवढेंच. आमच्या आजीनें देवघर इतक्या कडकपणें सांभाळलें नसेल.

यंत्राची पहिली खरी परीक्षा आम्ही तेथें असतांनाच झाली. दुपारीं तीनच्या सुमारास सत्तर क्रेट टोमॅटो भरलेली एक पिकअप धापा टाकीत आली. मालक स्वतः चालवीत होता. रात्रीं वाशी गांठावयाची होती. चढ आला कीं पिवळा दिवा लागे आणि गाडी बसे. वाटेंत कोणीं तरी मोबाइलला जोडावयाचें स्वस्त साधन लावून 'पी-००८७' असा संकेतांक काढून दिला होता. त्याचा अर्थ, डिझेलच्या नळींतील दाब कमी. तेवढ्यावरून त्या गृहस्थानें पंप बदलण्याचा सल्ला दिला होता, आणि पंप बदलणें म्हणजे हजारों रुपये आणि दोन दिवस. मालकाचें तोंड उतरलेलें होतें. भाच्यानें तार जोडली आणि पडद्यावर दोन रेषा उमटविल्या: एक मेंदूनें मागितलेल्या दाबाची, दुसरी प्रत्यक्ष मिळालेल्या दाबाची. गाडी उभी असतां दोन्ही रेषा जोडीनें चालत. मग तो शेजारीं बसून गाडी चढावर घेऊन गेला. परत आला तेव्हां दुसरी रेषा चढावर हळूंहळूं खालीं घसरलेली दिसत होती. पंप नादुरुस्त असता तर उभ्या गाडींतहि कांहीं तरी कुरबूर दिसली असती, असें तो म्हणाला. हें तर मागून येणारें डिझेलच कमी पडत आहे.

मिस्त्री इतका वेळ बाजूस विडी ओढीत बसला होता. त्यानें पडद्याकडे पाहिलेंहि नव्हतें. तो उठला आणि मालकास एवढेंच विचारलें, "डिझेल पंपावरचं भरलं का पिंपातलं?" मालक घुटमळला. शेतावर ट्रॅक्टरसाठीं ठेविलेल्या पिंपांतलें डिझेल त्यानें दोन दिवसांपूर्वीं ओतलें होतें. मिस्त्रीनें डिझेलच्या गाळणीखालची चावी सैल केली. आधीं पाणी आलें, मग चिखलासारखा गाळ. गाळणी कांहीं शें रुपयांची; ती बदलली, टांकी रिकामी करून धुतली, नवें डिझेल भरलें, आणि पुन्हां चढावर नेली. दोन्ही रेषा गळ्यांत गळा घालून चालल्या. दिवे लागणीस पिकअप वाशीच्या रस्त्यास लागली.

या प्रसंगावर आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला. संकेतांक खोटा नव्हता. दाब खरोखरच कमी होता. परंतु संकेतांक म्हणजे निदान नव्हे. रोग्यानें 'पोटांत दुखतें' म्हणून सांगितल्यासारखाच तो आहे. पडद्यावरच्या रेषांनीं दुखण्याची वेळ व जागा दाखविली, आणि चुकीच्या उपायापासून वांचविलें. परंतु रोग्यानें काल काय खाल्लें, हा प्रश्न यंत्रास सुचत नाहीं. तो माणसानेंच विचारावयाचा. यंत्र आलें म्हणून मिस्त्री निरुपयोगी होईल अशी आमच्या बहिणीस धास्ती होती. झालें तें उलट. जें दार बंद झाल्यामुळें त्याची विद्या बाहेर तिष्ठत होती, तें यंत्रानें उघडून दिलें इतकेंच.

जुन्या कवचांत नवी शक्ति घालण्याचा आणखी एक प्रयोग याच मुलखांत झाला आहे. नारायणगांवाजवळ खोडद येथें रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, चौदा मधल्या चौकांत आणि सोळा तीन दिशांस पसरलेल्या, डॉ. गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत उभ्या केल्या. त्या भरीव पत्र्याच्या नसून बारीक तारांच्या जाळीच्या आहेत, म्हणून हलक्या आणि स्वस्त. पुढें जगांत नव्या दुर्बिणी निघूं लागल्या, तेव्हां खोडदच्या शास्त्रज्ञांनीं तबकड्या मोडीत काढल्या नाहींत. त्यांच्या मुखाशीं नवे ग्राहक आणि पलीकडे नवे संगणक बसविले, आणि त्याच जुन्या कानांस पूर्वींहून कितीतरी अधिक ऐकूं येऊं लागलें. आकाशाची नाडी पाहणाऱ्या शास्त्रज्ञांनीं जें मोठ्या प्रमाणावर केलें, तेंच त्याच आभाळाखालीं पत्र्याच्या दोन खणांत साडेसतरा हजारांत झालें. कोणतें कवच जपावयाचें आणि कोणतें काळीज बदलावयाचें हें ओळखणें, हीच जुनी वस्तु घेणाराची खरी विद्या.

तिच्या मागोमाग जबाबदारीहि येते, कारण जें साधन वाचतें तें लिहूंहि शकतें. जुन्या मोटारींचा एक दलाल मध्यंतरीं दुकानीं आला. मोटार किती किलोमीटर चालली तो आंकडा संगणकानें मागें ओढून द्यावा, एका गाडीमागें दोन हजार रुपये, महिन्यास आठ-दहा गाड्या, असा त्याचा बेत होता. एवढ्यांत साधनाचे हप्ते सहज फिटले असते. भाच्यानें त्यास चहा पाजला आणि रिकाम्या हातीं परत पाठविलें. बैलाचे दांत कानशीनें घासून त्याचें वय चोरणारे हेडे असत, असें मिस्त्रीनें त्या दिवशीं आम्हांस सांगितलें. कुळकर्ण्याचें दप्तर आपल्या घरीं आलें, म्हणजे कुळकर्ण्याचा मोहहि आपल्या घरीं येतो. तो येणार हें धरूनच दप्तर मागावें.

सध्यां दुकानांत एक लांब चोपडी टांगलेली आहे. तींत भाचा प्रत्येक गाडीचा संकेतांक लिहितो, त्यापुढें त्याचा मराठींत अर्थ, आणि त्यापुढें प्रत्यक्षांत काय निघालें तें. शेवटचा रकाना मिस्त्री सांगतो व भाचा लिहितो. 'पी-००८७: नळींत दाब कमी: पिंपांतलें डिझेल, पाणी.' उसाच्या हंगामांत ट्रॅक्टरांचीं पानें भरतात, उन्हाळ्यांत पिकअपचीं. आसपासचे दोन-तीन तरुण कारागीर ती चोपडी पाहण्यास येतात, आणि त्यांस ती कोणी नाकारीत नाहीं. हप्त्यांपैकीं आणखी चार उरले आहेत. चाकणचा अर्ज बहिणीनें अजून फाडलेला नाहीं. देवघरांतल्या डब्यांत घडी घालून ठेविला आहे, आणि हप्ते फिटेतों तो तेथेंच राहावा असें आम्हांसहि वाटतें.